गच्चीवरचा तंबू

प्रिय हनानदादा,

ही खापरं आमच्या द्राक्षारसाच्या रांजणाची आहेत. बाबेलच्या खास्दी शिपायांनी तो फोडला, आणि लिहायला घरात दुसरं काही उरलं नाही. राख लावून चांगली घासून घेतलीत. तरी वास आलाच तर नाक मुरडून फेकून देऊ नकोस, शेवटपर्यंत वाच.

तू आता तेकोवाच्या पलीकडे शेळ्या घेऊन मोकळ्या रानात असशील. इथं यरुशलेमात देवळाची राख अजून उडते, भाकरीत येते, डोळ्यांत जाते. शमायाला साखळीत बांधून बाबेलला नेलं. वेशीपर्यंत मी मागं पळत गेले. नवरा माझा, वळून एवढंच म्हणाला, "यदीदा, घरी जा, आई एकटी आहे." गल्लीत आता कुणाच्या जात्याचा आवाज येत नाही. मी कधीकधी उगाच मोठ्यानं बोलते, कुणीतरी ओ देईल म्हणून.

वेढ्याच्या आधी फौजेच्या भीतीनं तुम्ही सगळे शहरात आला होतात, आठवतं? आमच्या गल्लीमागच्या मोकळ्या जागेत तंबू ठोकले होते. देवाचा शब्द सांगत फिरणाऱ्या त्या संदेष्ट्यानं तुम्हाला देवळात बोलावलं आणि पुढ्यात द्राक्षारसाचे प्याले भरून ठेवले. तू म्हणालास, "आमच्या मूळपुरुषानं पिऊ नका म्हटलंय, घर बांधू नका, तंबूतच राहा म्हटलंय. आम्ही पीत नाही." मी बाहेर गर्दीत उभी होते. माझ्या शेजारची बाई म्हणाली, "दूधपिती बाळं आली बघा!" संदेष्टा मात्र शहरावरच कडाडला. हे लोक मेलेल्या मूळपुरुषाचा शब्द पाळतात आणि तुम्ही जित्या देवाचा पाळत नाही, म्हणाला. शहर जाईल, यांचं घराणं मात्र परमेश्वरापुढं कायम उभं राहील. सासूबाई हसून हसून बेजार झाल्या होत्या. आता हसणाऱ्यांच्या चुली विझल्यात आणि तुमच्या शेळ्या चरताहेत. न्याय झाला दादा, खरा झाला. पण त्यात मी कुठल्या बाजूची, हे मला कुणी सांगितलं नाही.

तुम्ही परत रानात निघालात, तेव्हा मी तुला भेटायला आले, तर माझ्या हातचं पाणीही घेतलं नाहीस. "भिंतीत निजणारी आता आपली कुठली?" म्हणालास. फार लागलं ते. मान खाली घालून परत आले. तेव्हा बोलले नाही ते आज लिहिते. लग्नात आईनं बाबांच्या चोरून शेळीच्या केसांचं तंबूचं कापड माझ्या गाठोड्यात घातलं होतं. उन्हाळ्यात गच्चीवर, पावसात अंगणात, मी त्याच्याखालीच निजत आले. शमाया म्हणायचा, "बायको मिळाली, पण खोली गेली माझी!" आणि उशी घेऊन मुकाट वर यायचा. आमची तिर्सा त्याच कापडाखाली जन्मली. द्राक्षारसाचा थेंबही मी तिच्या जिभेला लागू दिला नाही. सणावारी सासूबाई म्हणायच्या, "अगं, पोर वाढवतेस की कोकरू? नुसतं दूध आणि पाणी!" मी ऐकून घ्यायची आणि पेल्यात पाणी ओतायची.

मिठाचा तांडा तुमच्या वाटेनं निघालाय. तिर्साला त्यांच्याबरोबर पाठवतेय. तुला मूलबाळ नाही, तिला आपली म्हण. आईचं कापड तिच्या अंगावर गुंडाळलंय, वीण बघितलीस की हात कुणाचा ते ओळखशील. मी येत नाही. सासूबाईंना आता दिसत नाही, उठवत नाही, आणि त्यांना पाणी द्यायला या शहरात माझ्याशिवाय कुणी नाही. जन्मभर टोमणे मारले, आता झोपेतसुद्धा माझा हात सोडत नाहीत. तुमच्या घराण्याला मिळालेल्या वचनात मला घेतलं नाहीस तरी चालेल, पोरीला घे. ती दारात उभी आहे, खापरं झोळीत घालायची थांबलीय. कापड तिच्याबरोबर चाललंय. आज मी पहिल्यांदाच भिंतीच्या आत निजणार आहे.

तू म्हण अथवा न म्हण, तुझीच,
यदीदा