गणनेत नाही

३ एप्रिल
नोकरी लागली आणि राहायला तीन खोल्याही मिळाल्या. स्वयंपाकघराच्या खिडकीतून गॅसवरच्या वीजकेंद्राची चिमणी दिसते. आमच्या सात वर्षांच्या लेकीलाही आम्ही चिमणीच म्हणतो. तिने विचारलं, ही माझी कोण? बायको म्हणाली, थोरली बहीण, पण विड्या ओढते. तिघंही पोट धरून हसलो.
काम सोपं आहे. शहराची विजेची भूक वाढली की केंद्र पेटवायचं, भागली की विझवायचं. धूर मोजणाऱ्या यंत्राचे आकडे मी वहीत उतरवायचे.

९ एप्रिल
एक गोष्ट खटकली. केंद्र पेटल्यावर पहिला अर्धा तास ज्योत स्थिर नसते. धूर तेव्हाच सर्वांत विषारी. नेमक्या त्याच अर्ध्या तासापुढे ‘गणनेत नाही’ असा शिक्का मारायचा. नियमच तसा. शेजारचे फिटरकाका म्हणाले, बाबा रे, जे मोजलं नाही ते झालंच नाही. शिक्का मार आणि चहा घे. मी हसलो. मारला.

२१ एप्रिल
ऊन तापलं. घरोघरी कूलर. दिवसातून चारदा पेटवणं-विझवणं, चार शिक्के. चिमणी खोकते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हवा बदला. माझ्या वहीत तर हवा निर्मळ आहे. वह्या निर्मळ ठेवणाऱ्यांच्या लेकरांना देवाने वेगळी छाती दिली आहे का?

२ मे
फिटरकाकू रोज तीन ताटं वाढतात. घरात माणसं दोन. तिसरं कोणाचं, विचारलं तर दोघंही गोंधळले. काकू म्हणाल्या, मेली सवय, कशाची ते आठवत नाही. मग त्यांचे डोळे वाहू लागले आणि का वाहतात हे त्यांनाच कळेना.

९ मे
चिमणीला शाळेच्या सुट्टीतल्या वर्गाला सोडलं. बाई म्हणाल्या, हे नाव हजेरीपटावर नाही. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, तिच्या आरपार. परतून वही उघडली. बाई बोलल्या त्याच वेळेपुढे शिक्का होता.

१२ मे
आज शिक्का मारला नाही. खरा आकडा लिहिला. चिमणी दुपारभर अंगणात खेळली. काकूंनी तिला नावाने हाक मारली. संध्याकाळी साहेबांनी आकडा खोडला. म्हणाले, भावनेच्या भरात नोकरी घालवू नकोस, उद्यापासून शिक्का मीच मारतो. घरी ठरवलं, रविवारी हे गाव सोडायचं.

१४ मे
सहा शिक्के. बांधलेलं सामान बायकोने परत उघडलं. म्हणाली, हवा कोणासाठी बदलायची? मी चिमणीचं बोट धरून तिथेच उभा होतो. गार बोट. तिचा खोकला आता मलाच ऐकू येतो. लिहून ठेवतो — लिहिलेलं तरी —

१५ मे
मागची पानं वाचली. अक्षर माझंच. ‘चिमणी खोकते.’ लोखंडाची चिमणी खोकेल कशी —
सकाळपासून रडू येतंय. कशाचं ते —
बायको दारात उभी आहे. हातात एक छोटा झगा. विचारतेय, हा आपल्या घरात कोणा—