अंतिम विल्हेवाट यथावकाश

डबा माळ्यावरून उतरवताना स्टूल डगमगले आणि ऑफिसातल्या जुन्या मित्राने, दिलीपने, खालून माझे पाय धरले, म्हणून हे मृत्युपत्र आजच लिहीत आहे.

मी, भालचंद्र वामन वैरागकर, वय ७६, राहणार आनंद नगर, भोपाळ, कोणाच्याही दबावाखाली नाही. मन शाबूत आहे. दिलीपला त्याबद्दल १९८७ पासून शंका आहे.

१. घर मुलगी मानसीला. न्हाणीघराचा नळ गळतो. इंजिनियरचे घर आहे.

२. व्हर्नियर कॅलिपर दिलीपला. तो त्याने १९९१ सालीच नेला आहे, त्यामुळे ताबा देण्याचा प्रश्न उरत नाही.

३. माझे अहवाल रद्दीत. अणुभट्टीत वापरून झालेले इंधन ज्या पिंपांत ठेवतात, त्यांची झाकणे मी तीस वर्षे आखली. ते इंधन हजारो वर्षे घातक राहते. शेजारच्या टेबलावरून दिलीप म्हणायचा, खोल खडकात कायमचे पुरा. मी म्हणायचो, सांभाळून ठेवा, पुढच्यांना जास्त अक्कल असेल. प्रत्येक अहवालाच्या शेवटी मी लिहिले, ‘अंतिम विल्हेवाट यथावकाश’. बढत्या बहुधा याच वाक्यावर मिळाल्या.

४. वर उल्लेखिलेला डबा. त्यात माझी पत्नी शारदा हिच्या अस्थी आहेत, २०१३ पासून. दहाव्याच्या आत नर्मदेत सोडायच्या होत्या. मी तात्पुरती सोय म्हणून स्टीलचा डबा करवून घेतला: दोन झाकणे, रबरी कडे, आठ बोल्ट. गळती शून्य. मानसी दर पितृपक्षात पुण्याहून फोन करून विचारायची, “बाबा, आईला कधी सोडणार?” यंदा पितृपक्ष लागून पाच दिवस झाले. फोन नाही.

माझ्या पश्चात मानसीने विसर्जन करावे, एवढे लिहून दिलीपला वाचून दाखवले.

“वा यार! पुन्हा पुढच्या पिढीच्या डोक्यावर.”

“सोडल्या की परत मिळत नाहीत, दिलीप.”

“म्हणूनच सोडतात, गधड्या. ती तुझी पोरगी आहे, गोदाम नाही.”

कलम तसेच ठेवून सही केली.

भालचंद्र वामन वैरागकर

साक्षीदार:
दिलीप खानझोडे, पिपलानी (सही करताना हसले)
अमृता सरवटे, शेजारी (आरडाओरडा ऐकून आल्या)

भोपाळ, १२ सप्टेंबर २०२५

ता. १३, सकाळ: दिलीपच्या गाडीने नर्मदापुरमला जाऊन अस्थी विसर्जित केल्या. कलम ४ रद्द. घाटावरून मानसीला फोन केला. ती म्हणाली, “बाबा, काही खाल्लंत का?”