रग्बीवर चूल पेटंल का

१२ जाने. ९७, रविवार
पहाटे ग्राउंडवर. पाहिजेत पंधरा, आले नऊ. पाच तालमीतले, चार कबड्डीतले. कबड्डीवाल्यांपुढं मी हात टेकले. बॉल घेऊन छान पळतात, समोरच्याला अंग लागलं की गर्रकन वळून आपल्याच बाजूला पळत येतात. बजाला अडवून विचारलं, "कुठं निघालास?" तर म्हणतो, "गडी मारला की सर." आणि वर दम खात उभा.

पलटणीत शिकवताना असलं काही नव्हतं. तिथं सांगितलं की करायचं. इथं प्रत्येकाला आधी पटायला पाहिजे. पुढं पळायचं आणि बॉल मागं टाकायचा, हे तर अजून एकालाही पटलेलं नाही. "आवं सर, पुढं जायाचं हाय तर मागं कशाला टाकायचा?" दोन वर्षं हेच.

२० जाने.
हेडमास्तरांच्या घरी शिर्केचा फोन. पलटणीच्या टीमचा आमचा कॅप्टन, आता मुंबईत एका क्लबाचं बघतो. म्हणाला, परदेशात रग्बीवाल्यांना आता उघड पगार, करारबिरार. आपल्याकडंही येणार, पाच-दहा वर्षांत. मी ओळखतो तेव्हापासून त्याचं सगळं पाच-दहा वर्षांत आहे.

तरी फोन ठेवल्यावर दिवसभर बरं वाटत होतं. आठवीच्या पोरांना कवायत न घेता सोडून दिलं.

२ फेब्रु.
विलास (यापुढं वि., दर वेळी लिहायचा कंटाळा) प्रॅक्टिस झाल्यावर थांबला. बाप वर्षातले सहा-आठ महिने मेंढरांमागं, घरी आई आणि कुसळाचं रान. कुस्तीत मोठ्या जोडीला कमी पडला म्हणून माझ्याकडं आला. रग्बीत मात्र असा गडी मी पलटणीतही क्वचित पाहिला. अंगात घोड्याची ताकद, आणि बॉल कुठं पडणार ते त्याला आधी कळतं.

म्हणाला, "सर, ह्याच्यावर चूल पेटंल का?"

"परदेशात पेटते," म्हटलं.

"हितं?"

म्हटलं, बघतो.

५ फेब्रु.
बघून आलो. अर्धी रजा टाकून साताऱ्याला, क्रीडा कार्यालयात. आपल्याकडं खेळाडूचा पगार म्हणजे काय, तर खेळाडूंच्या राखीव जागेतली सरकारी नोकरी. कुस्तीचं सर्टिफिकेट चालतं, कबड्डीचं चालतं. माझं पलटणीतलं रग्बीचं नेऊन टेबलावर ठेवलं. क्लार्कनं उलटसुलट करून बघितलं.

"हे घोड्यावर बसून खेळतात ते का?"

"ते पोलो."

"मग पोलो आहे का यादीत बघू?"

रग्बी नाहीच. कधी येणार? तर जिल्ह्याची संघटना पाहिजे. संघटनेला तालुक्याच्या टीमा पाहिजेत. टीमा कशा होणार, नोकरी नाही तर पोरं येणार कशाला? हे त्याला सांगितलं. "बरोबर आहे तुमचं," म्हणाला आणि चहाला गेला. आधी कोंबडी का आधी अंडं, आणि मधल्या मधी माझी रजा गेली.

२३ फेब्रु., रविवार
आज जे झालं ते लिहितानाही डोकं फिरतंय.

शेजारच्या गावची जत्रा. कमिटीच्या आबांच्या किती दिवस मागं लागून कुस्त्यांच्या आधी रग्बीची एक मॅच ठेवून घेतली. सांगलीहून कॉलेजची टीम बोलावली. शिर्के मुद्दाम मुंबईहून आला, शिट्टी त्याच्याकडं. मऊ नांगरलेलं रान, चौफेर माणूस, हलगी. वाटलं, एवढी माणसं बघतील, चार गावांत टीमा होतील.

सुरुवात झकास. सांगलीचा दांडगा गडी बॉल घेऊन आला, वि.नं कमरेला मिठी घालून स्वच्छ खाली घेतला. पाठ मातीला लागली. झालं, हलगी कडाडली. वि. उठला, माती कपाळाला लावली आणि हात पुढं करून निघाला माणसांतून फिरायला. कुस्ती मारल्यावर पैलवान फिरतो, लोक खुशाली म्हणून हातावर पैसे ठेवतात, तसा. लोकही देतायत. मी इकडून बोंबलतोय, "अरं बॉल, बॉल!" तोवर सांगलीकरांनी बॉल उचलून आमच्या लाइनीपलीकडं नेऊन टेकवला, गुण त्यांचे. कुणी बघितलंसुद्धा नाही. शेजारचा एक म्हातारा मलाच समजावतो, "आवं मास्तर, गडी चीत झाला न्हवं? आता कसला बॉल?"

मग तालमीतल्या बाकीच्यांनीही तेच केलं. एक तर पाडलेल्या गड्याला हात देऊन उठवत होता, बरोबर घेऊन फिरायला. दणकून हरलो. लोकांच्या हिशोबी जिंकलो. आबांनी मला फेटा बांधला.

शिर्के हसून हसून खाली बसला. "तुझ्या विलासला आज रग्बीचे पैसे मिळाले. या देशात असा दुसरा माणूस मला माहीत नाही." मला हसू आलं नाही. फेटा घरी आल्यावर खुंटीला टाकला.

९ मार्च
वि. दोन आठवडे तोंड चुकवत होता, आज आला. म्हणाला, "सर, चुकलं. पर गडी पडला की हातपाय आपसूक तसंच करत्यात." रागावणार होतो, जमलं नाही. त्याला पाडून उठून लगेच बॉलवर जायचं, एवढंच सकाळभर करून घेतलं. जेवायच्या वेळेपर्यंत जमायला लागलं. हा पोरगा लय पुढं जाईल.

२३ मार्च
शिर्केचा फोन. त्यानं त्या दिवशी नुसतं हसून घेतलं नव्हतं. वि.ला देशाच्या टीमच्या कॅम्पला बोलावलंय. पुणे, २१ एप्रिलपासून. राहणं-खाणं त्यांचं. पगार नाही, पण निवड झाली तर बाहेरच्या देशात मॅचेस, तिथले क्लबवाले बघायला असतात, पुढं काहीही होऊ शकतं.

वडूजात पेढे घेतले. सुमन म्हणाली, "एवढे पेढे आपला दिनेश पास झाला तेव्हा नव्हते आणले." खरंय.

३० मार्च
सगळं मुसळ केरात. साताऱ्याला पोलीस भरती, मैदानी चाचणी २१ एप्रिलला सकाळी. वि.चं वय यंदा संपतंय, पुढच्या भरतीला बसता येणार नाही. शिर्केला दोनदा फोन केला, कॅम्पला एक दिवस उशिरा चालेल का. नाही म्हणे, पहिल्याच दिवशी चाचणी, त्यात गाळतात. भरतीवाल्यांना तर विचारायचंच नाही.

वि.च्या घरी गेलो. आईनं बसायला घोंगडं टाकलं. मी सगळं सांगितलं: देशाची टीम, परदेश, पगार, येणारे दिवस. चांगलं बोललो. तिनं पूर्ण ऐकून घेतलं.

"आवं सर, तुमचं खोटं न्हाई. पर तुमचा दिनेश का न्हाई खेळत?"

भांडायला बोलली असती तर उत्तर दिलं असतं. ती खरंच विचारत होती. दिनेश सांगलीला शिकतो, त्याला वेळ नसतो, असं काहीतरी म्हणालो. चहा प्यायलो आणि निघालो.

१४ एप्रिल
जयंती. सकाळी वंदना, दुपारी मिरवणूक. दिनेश सांगलीहून आलाय. वि. जेवायला आला होता. दोघं अंगणात शेजारी उभे होते, उंचीला सारखे, दिनेशचे खांदे उलट रुंद. या पोराच्या हातात मी कधी बॉल दिला नाही. सुमनला विचारलं, आपण त्याला खेळ का म्हटलं नाही? ती म्हणाली, "तुम्हीच म्हणाला होता, आधी डिप्लोमा होऊ दे." मला आठवत नाही. पण म्हणालो असणार.



२० एप्रिल, रविवार
संध्याकाळी वि. आला. बॅग भरून तयार. कुठं जायचं ठरलं, म्हणून विचारलं.

"आई म्हणती सरांना इचार. तुमी सांगाल त्या गाडीत बसतो. पहाटं स्टँडवर या."

भडकलो. "तुझं आयुष्य, माझ्यावर कशाला ढकलतोस?"

"मला रग्बी कुठं म्हाईत हुती सर? तुमीच लावली." रागानं नाही म्हणाला. पाया पडायला वाकला तर मी बाजूला झालो.

शिर्केला फोन लावला. तो म्हणतो पाठव, पाच-दहा वर्षांत... मी मध्येच ठेवून दिला.

उद्या साताऱ्याची गाडी आधी लागते, पुण्याची तिच्या मागं. दोन्हीकडचं बोलून बघतोय आणि दोन्ही पटतंय. पोरगा खरंच तिथवर पोचेल. आणि नाही पोचला तर? सुमन म्हणते, जेवून घ्या. अजून काही ठरत नाही.

वि.च्या जागी दिनेश असता तर एवढा विचार केलाच नसता. साताऱ्याच्या गाडीत बसवून सरळ घरी आलो असतो.