मागुराला आवडेल असं काहीतरी

बंगलोर,
२४ फेब्रुवारी १९९७

ती. स्व. कल्पनावहिनींना पदर खोचलेल्या वासंतीचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो की अजून दत्तादादालाच माळ्यावरून पापडांचा डबा काढावा लागतो? आमच्याकडे अजित बरा आहे. (पीण्या नावाच्या इथल्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात यंत्रावर वाकून मान आखडते, पण घरी बायको बोलू लागली की ती चांगली दुसरीकडे वळते.) आप्पाजींचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं मात्र काही खरं नव्हतं, आणि तेच रामायण सांगायला बसले आहे.

टायफॉईड उतरला, पण तोंडाची गेलेली चव काही परत येईना. माणूस पाण्याखेरीज काही घेईना. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर दवाखान्यात ठेवून सलाईन लावावं लागेल. त्यांचं मनगट बघून मला भीती वाटायची हो, वहिनी. मी पेज केली, कढी केली, मऊ भात केला. ते 'बरं आहे' म्हणून ताट सरकवायचे. (लग्न झाल्यापासून माझ्या स्वयंपाकाला यापलीकडे शब्द मिळालेला नाही. सुरमई तळली तरी बरं आहे, करपली तरी बरं आहे.) शेवटी एक दिवस आपणहून म्हणाले, मागूर मिळाला तर भाकरीशी खाईन. मागूर म्हणजे गोड्या पाण्यातला मिशावाला मासा. अथणीकडे, कृष्णाकाठी, त्यांचं लहानपण त्याच्यावरच गेलेलं. बाजारातून आणला तर नुसता वास घेऊन म्हणाले, हा टाकीत पोसलेला आहे, तळ्यातला हवा. म्हटलं, ठीक आहे. मालवणात वाढलेली बाई मी, तळ्यातल्या माशाला काय भ्यायचं!

गळ आणला, बांबू आणला आणि दर रविवारी दोन बस बदलून अजितला ओढत आनेकलच्या पुढे एका तळ्यावर जाऊन बसू लागले. तिथल्या लोकांनी सांगितलं, मागूर डोळ्यांवर नाही, वासावर येतो. म्हणजे प्रश्न वासाचा, आणि त्या बाबतीत मला कोणी शिकवायला नको. पहिल्यांदा कणकेत हिंग मळून नेला. तो कासवाने खाल्ला. (चवीने खाल्ला, मी बघत होते.) पुढच्या वेळी कोंबडीची काळजं बडीशेपेत मुरवून नेली, तर गळाला लावायच्या आधीच घारीने पिशवीसकट उचलली आणि अजित फिदीफिदी हसला. परतीच्या दोन्ही बसमध्ये मी त्याच्याशी बोलले नाही. मग मात्र ठरवलं, आता असा वास करायचा की मासा आपल्या पायांनी चालत आला पाहिजे.

सुकट आणि बोंबील कुटले, मूठभर लसूण ठेचला, हिंग सढळ हाताने घातला, आंबवलेल्या तांदळाच्या पिठात सगळं कालवलं आणि बिस्किटांच्या डब्यात भरून गच्चीवर उन्हात ठेवलं. दुसऱ्या दिवशी आमचे घरमालक हयवदनराव (कांदासुद्धा न खाणारे) नाकाला उपरणं लावून जिन्यात उभे. 'वासने अम्मा, वासने' म्हणत त्यांनी मेलेला उंदीर शोधायला अंगणातली पाण्याची टाकी उपसली, माळा रिकामा केला आणि काहीच सापडेना तेव्हा शेजाऱ्यांशी भांडले. मीही नाकाला पदर लावून त्यांच्याबरोबर हळहळत उंदीर शोधला. करते काय, खरं सांगितलं असतं तर बिऱ्हाड रस्त्यावर आलं असतं.

मागच्या रविवारी सकाळी त्याचे गोळे वळले. पाण्यात विरघळू नयेत म्हणून आधी वाफवले, मग तव्यावर खरपूस परतले, ताटात निवत ठेवले आणि आंघोळीला गेले. बाहेर येते तो आप्पाजी स्वयंपाकघरात पाटावर बसलेले, ताट रिकामं, आणि म्हातारा बोटं चाटतोय. मी धावत जाऊन ताट ओढलं. तर मला म्हणतात, सूनबाई, इतक्या वर्षांनी आज तुझ्या हाताला चव आली, भाकरी आहे का? भाकरी थापताना मला रडूच फुटलं. आनंदाचं होतं, आणि खोटं कशाला बोलू, रागाचंही होतं. तेव्हापासून रोज तेच मागून खातात. अंगावर जरा मांस दिसू लागलंय आणि सलाईनचा विषय बंद झाला आहे.

काल तळ्यावर जाणं झालं नाही, कारण आमिष घरातच संपतं. पण त्या मागुराला मी सोडणार नाही. आता आप्पाजींसाठी नव्हे, माझ्यासाठी.

तुमची
वासंती

ता. क. सुकट संपत आली. दत्तादादाला सांगून बाजारातली सगळ्यात उग्र सुकट पाठवा, पण अजितच्या कारखान्याच्या पत्त्यावर. घरी आली तर हयवदनराव पुन्हा टाकी उपसतील.

ता. क. मुख्य काम राहिलंच. आप्पाजींनी अजितचा हात धरून कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथपर्यंत जाऊन आपल्या बहिणीला, कस्तुराबाईंना, माझं कौतुक सांगितलं. त्यांनी मला फोनवर बोलावून कृती विचारली. माशासाठी केलेलं आमिष तुमच्या भावाने खाल्लं, हे कोणत्या तोंडाने सांगू? माझ्या तोंडून निघून गेलं की ही माझ्या माहेरची कृती, आमच्या कल्पनावहिनींसारखी कोणाला जमत नाही. कस्तुराबाई यंदा आंगणेवाडीच्या जत्रेला तिकडे येणारच आहेत, तेव्हा आधी तुमच्याकडे उतरून ती शिकून घेणार आहेत. हे पत्र मिळताच डबा उन्हात ठेवा.