आईने अडवलेलं कुलूप

तीर्थस्वरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. (उकाड्याने वाकवत नाही, तेव्हा मनातल्या मनात घातला आहे.) तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचं पित्त? आम्ही इथे शिजतो आहोत, बाकी ठीक.

राज्य सरकारने हवामानबदलाशी दोन हात करायचं ठरवलं, त्यातला एक हात माझा निघाला. उन्हाने लोक चक्कर येऊन पडतात म्हणून गावोगाव ‘थंडावा कक्ष’ उघडायचा आदेश आला. आमच्या कचेरीत मोडक्या खुर्च्यांची खोली होती. ती रिकामी करून खुर्च्या माझ्या टेबलाभोवती रचल्या. (हल्ली मी जागेवरून उठायचंच टाळतो.) उद्घाटनाच्या मांडवाला आड येतं म्हणून दारातलं झाड तोडलं. मी कुरकुरलो, तर साहेब म्हणाले, झाडं आपल्या खात्यात येत नाहीत.

कक्ष मात्र खरंच गार झाला. कूलर, माठ, चार खाटा. हमाल, भाजीवाल्या टेकायला येऊ लागल्या आणि एके दुपारी उशी काखोटीला मारून आपली आईही आली. आपल्या घराचा पत्रा कसा तापतो ते तू जाणतेसच. आठवड्याभरात कुणी कुठे निजायचं, किती वेळ निजायचं, सगळं ती ठरवू लागली. “तुझ्या नोकरीचा घराला पहिल्यांदाच उपयोग झाला,” असं मला चारचौघांत म्हणाली.

तेवढ्यात वरून हुकूम : उन्हाळा संपला, कक्ष बंद करा. बाहेर डांबर चपलेला चिकटत होतं. साहेबांना ऊन मान्य होतं, पण त्याची मुदत संपली होती. त्यांनी कुलूप माझ्या हातात दिलं. दारात गेलो तर सकाळी हातगाडीपाशी कोसळलेली भाजीवाली खाटेवर पडलेली, आणि आई तिच्या कपाळावर ओला पंचा धरून बसलेली. माझ्या हाताकडे बघून शांतपणे म्हणाली, “लाव की. आम्ही आतच आहोत.”

कुलूप खिशात घालून परत आलो. दमलो गं ताई. घरात आई, कचेरीतही आई, आणि वर सरकार.

तुझा,
धाकटा

ता. क. पत्राचं खरं कारण असं : फोन करून तिला महिनाभर तुझ्याकडे बोलाव. तुझं ती ऐकते. माझी नोकरी वाचेल.

ता. क. दुसरा : फोन करू नकोस. आज साहेब स्वतः कुलूप लावायला गेले. बराच वेळ झाला तरी येईनात, म्हणून बघायला गेलो. साहेब भिंतीकडे तोंड करून गाढ झोपले होते, आणि आईने तोंडावर बोट ठेवून मला दारातूनच परत पाठवलं.