कच्चं वाक्य

३ फेब्रुवारी

नोकरी लागली! बाबांना दुकानात जाऊन सांगितलं तर हातातली इस्त्री गिऱ्हाइकाच्या शर्टावर तशीच धरून माझ्याकडे बघत राहिले. आईने ती उचलली म्हणून शर्ट वाचला. घरातली पहिली पदवीधर, आणि पहिलीच नोकरी हवालदारांकडे.

खरे हवालदार नव्हेत, मालिकेतले. रोज संध्याकाळी टीव्हीवर ते भलत्याच माणसाला चोर समजून पकडतात आणि सगळं गाव हसतं. त्यांचं खरं नाव आता कोणी घेत नाही. ते नगरपालिकेला उभे आहेत. त्यांना नगरपालिका शिकवायची, भाषणं लिहायची, हे माझं काम.

कॉलेजात मी निबंध लिहिला होता — उमेदवारीआधी परीक्षा घ्यावी. गाडी चालवायला घेतात, मग गाव चालवायला का नको? माझं मत आजही तेच आहे. पण हा माणूस उभा राहणारच. निदान कोरा तरी राहू नये.

४ फेब्रुवारी

कार्यालय म्हणजे बंद पडलेला फोटो स्टुडिओ. मागच्या भिंतीवर अजून धबधब्याचा पडदा आहे. हवालदार त्याच्याच पुढे बसतात.

विचारलं, नगरसेवकाच्या हातात काय काय असतं? म्हणाले, "माईक." मी हसले नाही. ते ओशाळले.

मग उभे का राहिलात, विचारलं. चहा ढवळू लागले. म्हणाले, एका आजीने रस्त्यात थांबवून सायकल चोरीला गेल्याची तक्रार सांगितली. "मी म्हटलं, आजी, मी खोटा हवालदार. तर म्हणाल्या, असू दे, खऱ्याने ऐकूनसुद्धा घेतलं नाही."

ही पात्रता नव्हे. पण दिवसभर त्या आजी डोक्यातून गेल्या नाहीत.

८ फेब्रुवारी

ते वाचत नाहीत. मी वाक्य म्हणते, ते येरझाऱ्या घालत पुन्हा म्हणतात. अमुक शब्दाला खुर्चीची पाठ धरायची, तमुक शब्दाला वळायचं — असं वाक्य अंगात बसवतात. मध्येच विचारतात, "बाई, इथे हशा आहे का?" मी म्हणते, सांडपाण्यात कसला हशा!

पण बसलं की बसलं. मालिकेच्या पहिल्या भागातले संवाद आजही जसेच्या तसे म्हणून दाखवले. आणि ताकीद दिली, "पहिल्यांदा जे बसतं ते माझ्यातून निघत नाही. कच्चं देऊ नका."

मी मान डोलावली.

११ फेब्रुवारी

दवाखान्याचा मुद्दा आला. आमच्या सरकारी दवाखान्यातला बाळंतपणाचा विभाग छत गळतंय म्हणून बंद केला, तो बंदच आहे. बायकांना नदीपलीकडच्या मोठ्या दवाखान्यात जावं लागतं. मागच्या वर्षी वहिनीला कळा लागल्या तेव्हा पुलावर गाड्या अडकल्या होत्या. बाळ रिक्षातच झालं. रडलं नाही.

तेव्हापासून दादा त्या पुलावरून जात नाही.

आता वहिनीला पुन्हा आठवा लागलाय. या वेळी आधीच तिच्या आईकडे जायचं ठरलंय. ती राहते मोठ्या दवाखान्याच्या मागच्याच गल्लीत.

विभाग उघडायचा कोणी, हे आरोग्य कचेरीत विचारलंय. उत्तर आलेलं नाही. सराव अडू नये म्हणून हवालदारांना तात्पुरतं वाक्य दिलं — "मी निवडून आलो की पंधरा दिवसांत बाळंतपणाचा विभाग उघडतो." हे नुसतं जागा धरायला, म्हटलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग खुर्चीची पाठ धरून म्हटलं. छान म्हटलं.

१५ फेब्रुवारी

उत्तर आलं. विभाग नगरपालिकेच्या हातात नाही. डॉक्टर, परिचारिका, मंजुरी सगळं वरून. नगरसेवक फार तर पाठपुरावा करणार. नवं वाक्य दिलं — "उघडणं माझ्या हातात नाही, पण रोज विचारणं माझ्या हातात आहे." दिवसभर तेच घोटलं. मला तर हेच जास्त आवडलं.

१८ फेब्रुवारी

सभागृह गच्च. आमचे सगळे आले होते. हवालदारांच्या मालिकेतल्या वर्दीला बाबांनीच इस्त्री केली होती, फुकट. शेजारच्याला सांगत होते, ती घडी आमच्याकडची.

कचरा, दिवे, सांडपाणी — एक शब्द चुकला नाही. मला रडू येईल असं वाटत होतं. मग एका बाईने दवाखान्याचं विचारलं. हवालदारांनी खुर्चीची पाठ धरली, आणि मला कळलं.

"पंधरा दिवसांत उघडतो."

लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. बाबासुद्धा. वहिनी बसून होती, दोन्ही हात पोटावर.

मागच्या खोलीत हवालदार भिंतीला टेकून उभे. चेहऱ्यावरचा रंग घामाने ओघळलेला. "दिवे अंगावर आले की पहिलंच येतं, बाई. सांगितलं होतं." सांगितलं होतंच. प्रचार सांभाळणारे दाढीवाले मात्र खुशीत. हेच वाक्य उद्यापासून गाडीवर वाजवायचं म्हणाले. मी दुरुस्तीचं काढलं तर म्हणे, "निवडणुकीनंतर करू की दुरुस्ती."

१९ फेब्रुवारी

वहिनीने आईकडे जाणं रद्द केलं. पिशवीतले कपडे कपाटात परत. तिला पूल ओलांडायचाच नाही. पहिल्या दिवसापासून नव्हता ओलांडायचा. आम्हाला कोणालाच तिने सांगितलं नव्हतं.

मी तिला सगळं सांगितलं. वाक्य माझं आहे, कच्चं आहे, विभाग उघडणार नाही. ती कपडे लावत राहिली.

"वन्सं, तुम्ही खूप शिकलात. पण ते त्यांनी सांगितलंय. तुम्ही नाही."

दादाने टोमणा मारला, "मॅडम, त्यांचं वाक्यसुद्धा तुमचंच? सगळंच कसं हो तुमचं?"

पदवी भिंतीवर लावली आहे, तिच्याच कपाटाच्या वर.

२० फेब्रुवारी

हवालदारांना वहिनीचं सांगितलं. पुलाचंही. मग उठून आमच्याकडे आले! गल्ली नुसती लोटली. दारात उभं राहून म्हणाले, "वहिनी, मी चुकीचं बोललो. विभाग माझ्याने उघडणार नाही."

सगळे खो खो हसले. मालिकेत ते प्रत्येक भागाच्या शेवटी हेच म्हणतात — "माझं चुकलं, साहेब." बाबांच्या डोळ्यांत हसून पाणी आलं. हवालदारांनी पुन्हा सांगितलं, हळू. तर हशा वाढला. वहिनीसुद्धा हसली. मी आत निघून गेले.

इतकी वर्षं मला वाटत होतं, असल्या माणसाला राज्यकारभार कळत नाही म्हणून तो अपात्र. राज्यकारभार शिकवता येतो, मी शिकवला. पण ज्याचं खरं बोलणं कोणी खरं धरत नाही, त्याने काय करायचं? आणि ज्या बाईने त्याच्या तोंडात खोटं घातलं, तिची परीक्षा कोण घेणार?

२२ फेब्रुवारी

शेवटची सभा. वर्दी बाबांच्या दुकानात घडी घालून तयार होती. न्यायला कोणी आलं नाही.

हवालदार साध्या सदऱ्यात आले. रंग नाही, टोपी नाही. आधी कोणी ओळखलंच नाही. खुर्ची बाजूला सारायला लावली. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं. दाढीवाले मागून खुणा करत होते.

मी त्यांना काहीही लिहून दिलं नव्हतं.

म्हणाले, विभाग मी उघडू शकत नाही. लोक हसले. ते थांबले. हसू ओसरलं, पुन्हा तेच म्हणाले. थोडे हसले. तिसऱ्यांदा म्हणताना आवाज फाटला, आणि वाक्य अर्ध्यावर विसरले. ते — विसरले! खाली बघत उभे राहिले. पुढच्या रांगेतून कोणी तरी ओरडलं, "मग मत कशाला द्यायचं?" लोक उठून जाऊ लागले.

घरी आल्यावर दारात चपला काढताना वहिनी म्हणाली, "मी त्यांचा एकही भाग चुकवलेला नाही. खोटं वागताना ते कधी खाली बघत नाहीत."

२३ फेब्रुवारी

वहिनी आईकडे गेली. दादाने स्वतः पोचवलं. पुलावरून.

२४ फेब्रुवारी

मतदान. रांगेत बाबांनी विचारलं, "तू कोणाला?" मी म्हटलं, सांगायचं नसतं. आत गेल्यावर यंत्रापुढे इतका वेळ उभी राहिले की अधिकारी खाकरले. मग बटण दाबलं. पात्र आहेत असं अजूनही म्हणवत नाही.

२६ फेब्रुवारी

वहिनीला दिवसांच्या आधीच कळा लागल्या. गल्ली ओलांडून चालत गेली म्हणे, आईचा हात धरून. मुलगी झाली. दोघी सुखरूप. पोरगी फार रडते.

आज निकाल होता. संध्याकाळ झाली, आमच्यापैकी कोणी विचारलाच नाही.