प्लगवरची काजळी

११ डिसेंबर १९५६
आज पुन्हा! ताडकळसहून कापूस भरून निघालो, परभणी यायच्या आत गाडी ठसकायला लागली. प्लग काढले — सगळे काजळीनं काळेकुट्ट. मानवतला जिनिंगचे मालक किशनराव चारचौघांत बोलले, "मल्हारी, अजून एकदा उशीर झाला की कापूस बन्सीधरच्या गाडीत." बन्सीधर तिथंच दात कोरत उभा!

१२ डिसेंबर
मिस्त्री म्हणतो, पेट्रोलात रॉकेल हाय. गाडी धाकटा भाऊ भुजंग चालवतो. तो म्हणतो, "दादा, प्लगच बदला." नवे घातले. तेही काळे.

१४ डिसेंबर
भुजंगाशेजारी बसून नुसतं ऐकत गेलो. मेंढरांमागं होतो तेव्हा खोकण्यावरून आजारी मेंढी ओळखायचो, मग ही तर माझी स्वतःची गाडी! जाताना ठसका. येताना सरकीची पोती गच्च, तरी चाल एकदम साफ. तेच पेट्रोल, तेच प्लग. मधे झालं काय? आम्ही जेवलो, एवढंच.

१५ डिसेंबर
सापडलं! थंड इंजन चालू करताना चोक ओढतात ना — त्याच्या मुठीला भुजंग भाकरीचं गाठोडं अडकवतो! गचक्यागचक्यानं चोक बाहेर सरकतो, पेट्रोल फाजील जातं, प्लग काजळी धरतात. जेवायला गाठोडं काढलं की मूठ सवयीनं आत ढकलतो. गाडी शहाणी!
"घरी सांगू नका, दादा."
सांगितलंच. लग्न झाल्यापासून त्याची बानूबाई भाकरींची चळतच बांधून देते. मी थोरला दीर, भासऱ्यापुढं ती बोलत नाही, पण आत आमच्या हिला म्हणाली ते ऐकू आलं — "जाऊबाई, भाकरी कमी करू का मग?"
"भाकरी न्हाई, खुंटी बदला!" मी ओसरीतूनच ओरडलो.

२ जानेवारी १९५७
आता माझा कायदा. इंजन तापलं की चोक आत. जिनिंगच्या रांगेत उभं राहिलं की इंजन बंद, उगाच धुगधुगत ठेवायचं नाही. आठवडी बाजाराच्या दिवशी प्लग घासायचे. तेव्हापासून एक ठसका नाही! बन्सीधर विचारायला आला, "मल्हारीराव, जादू केली काय?" सांगून टाकलं, गाठोड्यासकट. हसता हसता एकदम वळला, गाडीकडं पळाला!

१९ जानेवारी
किशनरावांनी स्वतःचा ट्रक घेतला. डिझेलचा. झाकण उघडून दाखवलं — त्याला प्लगच नाहीत! कापूस आता त्यातच. चालवायला भुजंगच पाहिजे म्हणाले, "याच्या हातची गाडी अडत न्हाई."
भुजंग माझ्या तोंडाकडं बघत राहिला. मी म्हणालो, जा.